आयत्या वेळचं पाठांतर

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे माझं ऐकत नाहीत, म्हणजे तुमचेही तुमचं ऐकत नसणार. चला, कोणीतरी तुमचं न ऐकणारं भेटलं. पत्र आपली नात लिहून घेतेय, तेव्हा अक्षर तिचं आणि आगाऊपणा माझा समजावा. (हेही लिही गं. मला वाचता येत नसलं तरी पान किती भरलं ते दिसतं.)

तर आपल्या दोघींच्या नातवाची हकीकत. तो गिटारवर जे वाजवतो (तुम्ही त्याला तारा खाजवणं म्हणता, ते असो) त्याला ब्लूज रॉक म्हणतात. म्हणजे दुःख जुनंच, फक्त विजेवर चालणारं. त्यात गाणारा मधेच गप्प होतो आणि गिटारवाल्याने त्या घडीला मनात येईल ते वाजवायचं. ठरवून आणलेलं चालत नाही. आपलं पोरगं मुलखाचं भित्रं. माझ्या भिंतीपलीकडे बसून ते 'आयत्या वेळचं' रोज घोकायचं. लसूण सोलता सोलता मलाही पाठ झालं. त्यांचा गाणारा, दाढीवाला, जिन्यात त्याला बजावून गेला, "आज पुन्हा तेच घोकलेलं वाजवलंस तर मी दुसरा गडी बघतो." पोराने मान डोलावली आणि वर जाऊन तेच घोकलं!

संध्याकाळी कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत. दाढीवाला गप्प झाला, दिवा याच्यावर आला, याने डोळे मिटून आत्ताच सुचतंय असा चेहरा केला. आणि काय सांगू, पुढचा तुकडा त्याच्याआधी माझ्याच तोंडून निघाला. टँव टँव टिंयाँव! लोक हसले. याने एक डोळा उघडला. त्यापुढचा तुकडाही मीच आधी गायले. मग मात्र पोरगं चिडलं. मी वर चढले की ते खाली उतरे, मी थांबले की ते धावे. मला चुकवता चुकवता कुठल्या कुठे गेलं. एक सूर चुकला, तर त्या चुकीलाच पुन्हा पुन्हा गोंजारून तिचा दागिना केला. ड्रमवाला तोंड उघडं टाकून त्याच्यामागे पळत होता. मी केव्हा गप्प बसले, मलाच कळलं नाही. शेवटी दाढीवाला एवढंच म्हणाला, "उद्या वेळेवर ये." आणि पोरगं मला म्हणालं, "आजी, तुला घरी कोंडून यायला हवं होतं!" तेव्हापासून अबोला आहे.

बाकी सर्व क्षेम. तुमची विहीण.

ता.क. पुढच्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम आहे, भिंतीपलीकडे पुन्हा घोकणं सुरू झालंय, आणि मला तिथे जायची बंदी आहे. तेव्हा तुम्ही या. चार दिवस आधी येऊन माझ्या खोलीत मुक्काम करा.

आणखी ता.क. नात चहा टाकायला गेलीय. हे शेजारच्या शिंप्याकडून लिहून घेतलंय. 'तोंडून निघाला' असं वर आहे ते तिच्यापुरतं, ती भावाला सगळं सांगते. जिन्यातलं बोलणं ऐकूनच मी मुद्दाम पहिली रांग धरली होती. तुम्हीही भिंतीला कान लावून सगळं पाठ करा आणि त्याच्याआधी गा. फक्त एक सांभाळा, फार सुरात गाऊ नका. त्याला संशय येईल आणि मला हेवा वाटेल.