माघारीचा हुकूम

ताई,

गोदामाच्या आगीत भाऊजींचा आवाज वायरलेसवर आलाच नाही, असं मी तुला सांगितलं होतं. आला होता. "साहेब, दोन मिनिटं थांबा, बाहेर यायची वाट सापडलीय." घरी मला अरे-तुरे करणारे भाऊजी कामावर मात्र साहेबच म्हणायचे.

मी उत्तर न देता माघारीचा हुकूम दिला. चार जवान वाचले, भाऊजी आत राहिले. छप्पर कोसळलं ते सात मिनिटांनी.

निर्णय योग्यच होता, असं चौकशीत ठरलं. पण मी विचार केलाच नव्हता गं. माझी पाचावर धारण बसली होती. अजून वायरलेस खरखरला की हात मागे येतो.

काल प्रशिक्षणात एका मुलीने विचारलं, "सर, त्या क्षणी मनात काय होतं?"

"माझी माणसं," मी म्हणालो.

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

हेही पत्र पेटीत न टाकणारा,
तुझा धाकटा