शाळा सोडल्याचा दाखला

आये, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात मी वसईच्या कोर्टात तुझ्याविरुद्ध लिहून दिलं. तुझ्या सुनेचं आणि माझं पटलं नाही, चार वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो. तू न पाहिलेली तुझी नात, नऊ वर्षांची, तिच्याकडे असते आणि रविवारी माझ्याकडे येते. आता बँकेने तिच्या आईची नागपूरला बदली केली आहे आणि ती पोरीला घेऊन जाणार म्हणते. मी हरकत घेतली. वकीलसाहेब म्हणाले, "तुमचंपण लहानपणी असंच झालेलं ना? मग ते अ‍ॅफिडेव्हिटमध्ये टाका, जजला पटेल." मी टाकलं. नवव्या वर्षी आईने मला वडिलांपासून तोडून कोकणातून नालासोपाऱ्याला आणलं, त्याचा माझ्या मनावर कायमचा परिणाम झाला, असं लिहून खाली सही ठोकली. खरं तर आचोळ्याच्या त्या एका खोलीत मी मजेत वाढलो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

एकच गोष्ट तेव्हा डाचायची. बाबांनी गावच्या हेडमास्तरांना बजावलं होतं की माझा दाखला द्यायचा नाही. तू हातापाया पडलीस म्हणून तुळिंजच्या शाळेतल्या बाईंनी मला दाखल्याशिवाय वर्गात बसू दिलं, पण हजेरीपटात नाव नव्हतं. बाई शेवटचं नाव वाचायच्या, पट मिटायच्या आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवायच्या. सगळी पोरं वळून बघत. एकदा मी त्यावरून घरी रडारड केली. तू औषधांच्या कंपनीतून, पॅकिंगच्या कामावरून, तेवढ्यात आली होतीस, पायातली चप्पलही काढली नव्हतीस. "नाव कागदार नाय म्हणान काय झाला? तू वर्गात बसतंस मां?" एवढं बोलून तू स्टोव्हला पंप मारायला बसलीस. मला तुझा भयंकर राग आला होता. वर्ष संपता संपता दाखला आला. पोस्टाने आला, असं मीच तुला सांगितलं. तू तो दोनदा वाचलास आणि हेडमास्तरांना दया आली असेल म्हणालीस. बाबांचं नाव त्यानंतर तू घरात काढलं नाहीस.

आणि मी काय केलं? पोरीच्या शाळेत जाऊन लेखी दिलं, की वडिलांच्या संमतीशिवाय दाखला देऊ नये. माझा मुद्दा कसा बिनतोड आहे यावर मी इतका खूश होतो की हे कोणाचं वाक्य आहे ते लक्षातही आलं नाही. परवाच्या रविवारी आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर बसलो आहोत, ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरते आहे. मध्येच विचारते, "पप्पा, मम्मी बोलते दाखला नाही मिळाला तर नवीन शाळेत असंच बसावं लागेल. असं बसलेल्या मुलीला हजेरीत घेतात का?" मी तिच्या फ्रॉकवरची वाळू झटकली. मग तीच म्हणाली, "मी गेल्यावर संडेला तू काय करणार?" मी म्हटलं, नागपूरला येणार. ती हसली आणि पुन्हा वाळू उकरू लागली.

उद्या शाळेतली हरकत मागे घेतो, कोर्टातलीही. सुट्ट्यांचं तेवढं लिहून घेईन. पण खरं सांगू, मला भीती वाटते. कोर्टात मी शिक्षणाचं, संस्कारांचं बरंच काही लिहिलं, पण भीती एवढीच आहे की मी तिकडे जाऊन दार वाजवीन आणि पोर मला आत घेणार नाही. ही भीती कुठून आली ते तुला कधी कळलं नाही, आणि आता हे वाचायला तू नाहीस म्हणूनच लिहू शकतो आहे. दाखला पोस्टाने आला नव्हता, आये. बाबा घेऊन आले होते. दुपारी, तू कामावर असताना. "आवस खंय असा?" "कामाक गेल्या." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, "आवशीक दी," म्हणाले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. उन्हाने चेहरा उतरला होता. "जरा पाणी दी रे." मला वाटलं, आत आले तर तुला परत घेऊन जातील. मी कागद घेतला आणि दार लावलं. पाणी दिलं नाही.