घट्टे घेऊन कुणी जन्मत नाही

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. पोरीला इकडे पाठवून दे, आमच्यात राहिली तर आपली भाषा बोलेल, नाहीतर हातची जाईल, असं तू म्हणतेस. लगेच उत्तर दिलं नाही. रागावलो नव्हतो, काम चालू होतं.

काम तेच. बेटावर पक्षीवाल्या बाईंची जाळी बांधायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवून त्यांच्या हातात द्यायचा. त्या चोच मोजतात, पायात कडी घालतात, सोडून देतात. सातवीत गटांगळ्या खाल्लेल्याला आणखी काय हवं! मागच्या वर्षी इथे पावसाने दडी मारली. मऊ बिया संपल्या, काटेरी टणक तेवढ्या उरल्या. बारीक चोचीचे पक्षी पटापट मेले, जाड चोचीचे तगले. यंदाची पिल्लं बघावीत तर बहुतेक जाड चोचीची. मी म्हटलं, बाई, फोडून फोडून चोच जाड झाली असणार, माझ्या तळव्यांसारखी. त्या हसल्या. म्हणाल्या, अरे शहाण्या, तसं असतं तर सुताराची पोरं हातावर घट्टे घेऊनच जन्मली असती. ज्यांची चोच मुळातच जाड होती ते जगले, त्यांनाच पिल्लं झाली, एवढंच. मला बाबांचे हात आठवले, रंधा धरून धरून खडक झालेले. आणि माझ्या हातांना तू लोण्याचे गोळे म्हणायचीस.

समोरच्या बेटावर याच पक्ष्यांचे भाऊबंद आहेत. कधीकाळी वाऱ्याने एक थवा तिकडे नेला. त्यांचं गाणं इथे स्पीकरवर लावायचं कामही माझंच. आमचे पक्षी ढुंकून बघत नाहीत. बाई म्हणतात, गाणं ओळखलं नाही की जोडी जमत नाही, आणि अशा पिढ्यान्‌पिढ्या गेल्या की जातच वेगळी होते. कुणी भांडलं नाही, कुणी कुणाला टाकलं नाही.

परवा आईचा फोन आला, तो पोरीला ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. अगं बबडे, आजीशी बोल ना गं, म्हणून ती हाका मारत राहिली. पोरगी वाळूत खड्डा खणत होती, तिने मान वर केली नाही. मी आईला सांगितलं, रेंज नाहीये. मला वाटायचं, आपलं रक्त आहे, बोलेल आपोआप. पण मी दिवसभर जाळ्यांपाशी, घरी आलो की तिच्या आईच्या भाषेत जेवायचं आणि आडवं व्हायचं. पोरीच्या कानावर पडणार कुठून?

तर पत्राचं कारण. पोरीला पाठवत नाही. अजून आईच्या कुशीत शिरल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. तूच ये. तुझ्या भावजयीला पुन्हा दिवस गेलेत, आपल्या आईला अजून सांगितलेलं नाही. दाजींना काही महिने स्वतःचा चहा स्वतः करू दे. बाळ यायच्या आत पोच, आणि ते आलं की पहिल्या दिवसापासून मला मोठ्याने शिव्या घालत जा. त्याला ऐकू जाऊ दे.

तुझाच,
उडाणटप्पू