मीठ धुऊन गेल्यावर

नेगॉनी, मिशिगन
शनिवार, २३ एप्रिल १९८८

आर्वो,

मोठ्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करायची असते, म्हणून लिहिते : आशीर्वाद. तू बरा असशील. इकडे सगळं ठीक आहे. आईही ठीक आहे.

फोनच करणार होते, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. नाताळात ठेवलास, आईच्या वाढदिवसाला ठेवलास. म्हणून हे तातडीच्या टपालाने. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. पाकिटात कागदात गुंडाळलेली एक वस्तू आहे, ती मात्र टाकू नकोस.

अक्षराला हसू नकोस. मला आठवीतून काढून इस्पितळाच्या धुलाईघरात लावलं, ती अजून तिथेच आहे. चादरींना पत्रं लिहावी लागत नाहीत.

बर्फ गेलं. कोपऱ्याकोपऱ्यात काळे ढीग उरलेत तेवढेच. सौनाच्या न्हाणीघराची चिमणी वाऱ्याने पडली होती, ती मी बसवली. पलीकडची लेम्पी अजून तशीच तोंडाळ आहे. हिवाळाभर मी गॅरेजात होते, तर दारात उभी राहून म्हणते, "हेल्मी, या गाडीखाली जेवढी झोपलीस तेवढी नवऱ्याशेजारी झोपली असतीस, तर टिकला असता गं तो." मी म्हटलं, "गाडी घोरत नाही."

तर गाडी. तुला तिचं नाव नको असतं, पण तिच्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मी ती पुरती उघडली. दुसऱ्या गिअरला रडायची ना, ते बेअरिंग बदललं. रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरांचा श्वास सारखा केला, बाबा करायचे तसे. आणि तो सायलेन्सर काढून टाकला. आठवतो ना? बाबांनी राजम्याचा डबा कापून त्यावर गुंडाळला होता आणि तारेने आवळला होता. चढावर डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज यायचा. गावात कुणाला पुसायला नको, आपली, लाहतींची, हिरवी गाडी आली. मी नवा घातला. गाडी इतकी गुपचूप चालायला लागली की मला बाबांची आठवण झाली. म्हटलं, असते तर बॉनेटवर हात ठेवून मान हलवली असती.

हे मी का सांगतेय? सांगते. घाई करू नकोस. घाई मलाच आहे.

बाबांनी ती गाडी माझ्या नावावर केली आणि तू दार आपटून नेवाडाच्या खाणीत गेलास. मी मागितली नव्हती. खाली पाठीवर पडून दिवा धरायची मी, रविवारी टप खाली करून आईला तलावावर न्यायचास तू. मला वाटलं होतं ती तुलाच जाईल. तुलाही वाटलं होतं. आईलाही.

आईला दिसत नाही आता. उजेड-अंधार कळतो तेवढाच. पायही गेले. पलंग खिडकीशी लावलाय, रस्त्याच्या बाजूला. आणि डोक्याचं म्हणशील, तर ती मला ओळखत नाही. मी रोज अंग पुसते, केस विंचरते, माशाचं सार, मोजाक्का, करून भरवते. ती लेम्पीला सांगते, "ही बाई चांगली आहे, पण हात फार गार." त्याचं मला काही नाही. धुलाईघरातले हात गारच असतात.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, एका रविवारी मी गाडी जरा फिरवून आणली. तेल तापायला हवं म्हणून. वारा होता, म्हणून तू खुंटीवर टाकून गेलेलं चौकड्यांचं जाकीट अंगात घातलं होतं. टपालाच्या पेटीपासून चढ चढून आत आले, तर आई उशीवरून मान उचलून बसलेली. माझी बाही चाचपली, हात पकडला. म्हणाली, "आर्वो, आलास? चढावर किती उशिरा गिअर टाकतोस रे, बाबा ओरडतील."

मी काही बोलले नाही. तू तरी घरात कधी बोलायचास? तिने माझ्या हातून वाडगाभर खाल्लं, आणि वर वेलचीचा निसू पाव मागितला. आठवड्यात एवढं खाल्लं नव्हतं तिने.

मग मी दर रविवारी जायला लागले. खाली वळणापर्यंत जायचं, वळायचं आणि मुद्दाम उशिरा दुसरा गिअर टाकत वर यायचं. जाकीट घालून जवळ बसायचं. ती बोलायची, मी हात धरायची. गिअरबॉक्सची वाट लावत होते, हे मला कळत होतं. बाबा असते तर पान्हा फेकून मारला असता.

ती काय बोलायची ते तुला सांगणार नव्हते.

ती म्हणायची, "तू तरी येतोस. ती हेल्मी गाडी घेऊन गेली ती गेलीच. एवढं काय आम्ही तिचं वाईट केलं?" दर रविवारी हेच. मी तिचा हात धरून बसायची आणि ती मला माझी तक्रार सांगायची. एकदा म्हणाली, "भेटली तर सांग तिला, मी रागावले नाही." मी मान हलवली. तिला दिसली नसणार.

यंदाही बर्फ पडलं तशी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. आई विचारायची, "आर्वो का येत नाही?" मी ‘ही बाई’ होऊन सांगायची, "बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलंय. धुऊन गेलं की येईल." आर्वो, तेवढं तिला लख्ख कळायचं! "हो हो, मिठात नाही काढायची. गंजून जाईल." तू एकदा हट्टाने मार्चात काढलीस आणि बाबांनी तुला बादली-फडकं देऊन चाकांच्या आतपर्यंत पुसायला लावलं, ती गोष्ट मला दहादा सांगितली. ताप आला, छाती भरली, डॉक्टर माझ्याकडे बघून मान खाली घालून गेला, तरी ती राहिली. पाऊस पडला का, मीठ गेलं का, एवढंच. तिने तो हिवाळा त्याच्यावर काढला.

आणि मी तेव्हा गॅरेजात शेगडी पेटवून गाडी सुधारत होते.

मागच्या आठवड्यात दोन दणकून पाऊस झाले. रविवारी मी जीभ लावून रस्ता चाखला, बाबा चाखायचे तसा. मीठ नव्हतं. गाडी काढली, वळणापर्यंत गेले, उशिरा गिअर टाकत वर आले. जाकीट घालून आत गेले. लेम्पी जवळ बसली होती. आई म्हणाली, "कोण आलं गं?"

लेम्पी म्हणाली, "अगं, आर्वो आला!"

"ही आर्वोची गाडी नाही." मी हात पुढे केला, तर तिने तो झटकला. "मला आंधळीला फसवता होय? कोण आहे हे?"

त्यानंतर ती तोंड उघडत नाही. ओठ ओले करते तेवढंच पाणी. चमचा लावला की दात आवळते. लेम्पीने करून बघितलं, पाद्रीबाबांनी करून बघितलं. डॉक्टर म्हणतो, सुई लावून काही दिवस काढता येतील, पण आता तिचं मन नाही. मी त्याला म्हटलं, मन आहे हो, मीच त्याचा सायलेन्सर बदलला. त्याला वाटलं मला वेड लागलं.

वेडच लागलंय. सौनाच्या मागच्या खड्ड्यातून जुना सायलेन्सर हातांनी उकरून काढला. बाबांच्या डब्याचा चुरा झाला होता. मी राजम्याचा नवा डबा फोडला, राजमा कुत्र्याला घातला, डबा कापून गुंडाळला, तारेने आवळला. बदललेलं जुनं बेअरिंग परत घातलं. सांगितलं तर कुणाला खरं वाटेल? चांगलं काढून खराब घातलं, आणि घालताना रडत होते. काल वर आले. तिने मान उचलली. बराच वेळ ऐकलं. मला वाटलं, जमलं.

मग म्हणाली, "सारखीच आहे. पण ती नाही," आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाबांनी डबा जसा आवळला होता तसा मला आवळता येत नाही. मी सगळं करून बघितलं, आर्वो. माझ्याकडे आता काही नाही. तुझ्याकडे आवाज आहे. मी तुझं जाकीट घालू शकते, तुझ्यासारखी गप्प बसू शकते, पण ‘आई, जेवलीस का’ एवढं तुझ्या आवाजात मला म्हणता येत नाही.

ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघू नकोस. बस जिथे थांबते, तिथे लेम्पीच्या भावाच्या दुकानामागे गाडी उभी आहे, टाकी भरलेली, टप खाली केलेला. पाकिटातली किल्ली तिची आहे. दुसरी नाही, बाबांनी एकच ठेवली होती. म्हणजे आता मला गाडी हलवता येणार नाही, आणि इथे चढावर कुणी खोटं येणार नाही. आलास तर तूच येशील.

गाडी तुझी. कागदांवर सही करून ते सीटखाली ठेवलेत. चढावर गिअर पाहिजे तेवढ्या उशिरा टाक.

तिला भरव. आधी पातळ दे, मग निसू कॉफीत बुडवून. मी तेव्हा स्वयंपाकघरात असेन, बाहेर येणार नाही. तिने खाल्लं, आणि तुला जमलं, तर एवढंच सांग : हेल्मी येऊन गेली. तुझ्याजवळ बसली होती, म्हणावं. हात गार होते तिचे.

– ही बाई