वाण नव्हे, पार्सल

प्रिय आई,

तुला कधी पत्र लिहिलं नाही. पुणं ते संभाजीनगर, फोन होताच की! आता फोन लागत नाही, आणि परवा सीमावहिनीचा फोन आल्यापासून माझं डोकं फिरलंय. तिच्याशी भांडले असते, पण मग दादाचं तोंड आंबट झालं असतं. म्हणून तुलाच सांगते. ऐकून घे.

वहिनी म्हणाली, "ताई, आईंच्या नावाचं ते जपानचं पार्सल आलंय. यंदा तर आपल्याकडं सण नाय. पुढच्या संक्रांतीला वाणाला होईल. ठेवून देऊ का?"

ठेवून देऊ का! तुझी साडी अजून खुंटीवर आहे आई, आणि हिला वाण सुचतंय.

आठवतं, पहिलं पार्सल तुझं नव्हतंच? ऋतू सुट्टीत तुझ्याकडं आली होती, तिनं मागवलं आणि नाव-पत्ता तुझाच राहून गेला. दर महिन्याला जपानहून एक खोका, आत काय ते उघडल्यावरच कळायचं. माझ्या लेकीचं मन दोन महिन्यांत उडालं. मी ते बंद करायला निघाले तर तू केवढी घाबरलीस! "येऊ दे की गं. माझं नाव छापलंय त्याच्यावर."

तुझ्या नावानं तोवर काय यायचं? पेन्शनच्या ऑफिसातून काहीतरी, आणि दवाखान्याचे रिपोर्ट.

खोका आला की तू आधी खालच्या लीलाकाकूंना हाक मारायचीस. त्या गुडघे धरत जिना चढून येईपर्यंत कात्री हातात घेऊन बसायचीस. चिकटपट्टी कापली की लगेच उघडायचं नाही, आधी दोघींनी वास घ्यायचा. "जपानचा वास लई स्वच्छ आहे," असं तू मला फोनवर सांगायचीस, जणू तिथं चार वर्षं राहून आलीस!

मग एकेक वस्तू निघायची. डोळे मिटून हसणारा स्पंजचा पाव. ढगाच्या आकाराचं खोडरबर. अस्वलाचा चिमटा, तो तू चहापत्तीच्या पुड्याला लावलास. झोपलेल्या सशाचं स्टिकर बीपीच्या गोळ्यांच्या डबीवर गेलं. "ह्या मांजरीला तोंडच नाय बघ, लीला. तरी कशी लाघवी दिसतीय!" त्यावर काकू म्हणाल्या, "तोंड नाय म्हणूनच." दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मी फोनवर ऐकत होते. काय गंमत करताय म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "तुला नाय कळायचं."

कळत होतं गं. बाबा गेल्यावर गल्लीतल्या एकाही बाईनं तुला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ज्यांच्या घरी तू वर्षानुवर्षं गेलीस, त्या जिन्यात भेटल्या की नजर चुकवायच्या. वाण म्हणजे काय असतं? एक गाळणं, एक प्लास्टिकचा डबा. पण कुणीतरी तुझ्यासाठी म्हणून आणलेलं असतं ना! ते बंद झालं, आणि जपानहून सुरू झालं.

आणि रागावू नकोस, पण बोलतेच. बाबा होते तेव्हा तूसुद्धा लीलाकाकूंना, त्यांचे काका गेल्यावर, कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाहीस. एका जिन्याचं अंतर! तुझ्यावर वेळ आली तेव्हा त्या आठवल्या. त्यांनी मात्र एका शब्दानं टोचलं नाही तुला.

मी घरी आले होते ती संक्रांत तर मरेपर्यंत विसरणार नाही. वहिनीला गुलमंडीच्या बाजारात जाऊन वाण आणायला वेळ नव्हता. "आई, तुमच्याकडं त्या खेळण्यांचा ढीग पडलाय. वाटून टाकू का?" आणि तू काय म्हणालीस? "घे की." का म्हणालीस गं? नाही म्हणायला तुझी जीभ झिजली असती? वर स्वतः बसून एकेक वस्तू कागदात बांधून दिलीस. दिवसभर तिळगूळ वळलास आणि संध्याकाळी बायका यायला लागल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसलीस. दारही तूच लोटून घेतलंस.

बाहेर नुसता कल्ला. "अय्या, किती क्यूट! कुठं मिळालं गं?" वहिनी ऐटीत म्हणत होती, "इम्पोर्टेड आहे." मला कुंकू लावून तिनं माझ्या हातावर जे ठेवलं, तो तुझा स्ट्रॉबेरीचा चमचा होता. तुझा सगळ्यात लाडका, तू एकदाही न वापरलेला.

मी तो घेऊन तडक आत आले. तू हात मागं घेतलास. "वाण झालं गं ते आता. मला नाय चालत."

तुझीच वस्तू, आई! हॉलमधून फिरून आली आणि तुला चालेनाशी झाली. मी ओरडले, तर तू म्हणालीस, "हळू. बायका ऐकतील." आणि मग, मलाच समजावल्यासारखं, "पुढच्या महिन्यात येईल की दुसरं. पार्सल चालतं मला."

म्हणून काल सकाळच्या गाडीनं आले. क्रांती चौकात उतरले ती थेट घरी. वहिनीच्या हातातून खोका घेतला, चहालाही थांबले नाही. ती मागून म्हणाली, "अहो, एवढं काय त्याच्यात?" तिला ते कळण्यासारखं असतं, तर तिनं विचारलंच नसतं.

खाली काकूंकडं गेले. त्या बराच वेळ तुझ्या नावावर बोट फिरवत राहिल्या. मग कात्री आणली. आधी वास घेतला दोघींनी. आत पेंग्विनचा रुमाल होता. काकूंनी त्यानंच डोळे पुसले आणि स्वतःवरच चिडल्या, "नवा कोरा खराब केला बघ."

दादा म्हणतोय, आता ते बंद करून टाक. नाही करणार. फक्त नाव बदलणार आहे. काकूंना सांगितलं, तर आधी "नको गं बाई, लोक हसतील" झालं. मी उठले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव पूर्ण लिही. नुसतं काकू नको."

तर हा माझा शब्द, आई. काकू आहेत तोवर त्यांच्या नावाचा खोका दर महिन्याला येईल, आणि तो उघडताना मी फोनवर असेन. वहिनीच्या हळदीकुंकवाला मी यापुढं पाय ठेवणार नाही. आणि तुझा चमचा मी माझ्या साखरेच्या डब्यात ठेवलाय, रोज वापरते. तू का नाही वापरलास गं?

तुझी,
रेखा