राईचा पत्ता

सोमवार, ९
पहाटे कानात शाळा. राईची, आमच्या गावची. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरताहेत. ठक्, ठक्. डोळे उघडले तर शहरातला, बेव्हर्ली पार्कचा फ्लॅट, डोक्यावर पंखा. आणि लगेच आठवलं. लेक वैशाली तिकडे परदेशात, नर्स. युद्धात.

सात वाजता तिचा फोन, मिनिटभर. इस्पितळाच्या खिडक्या फुटल्या. नर्सेस तळघरात झोपतायत. "बाबा, दूतावासाने यादी केलीय. बस सीमेपर्यंत, पुढे आपलं विमान. पण माझा पासपोर्ट इस्पितळाच्या मालकाच्या कपाटात आणि मालक पळाला." मागे काहीतरी धडाडलं. फोन बंद.

त्यानंतर ती कविता मनात म्हणत बसलो. तिसरं कडवं आठवेना. सौ. कडाडली, "पोरगी तिथे आणि तुम्ही कविता पुटपुटताय!" भीती वाटली की म्हणतो.

सोमवार, संध्या.
वै.चा मेसेज. पासपोर्टऐवजी एका प्रवासापुरता कागद देतात. पण ती इथलीच, हे इथल्या पोलिसांनी कळवल्यावर. बसगाड्या दोनच, उद्या आणि गुरुवारी. पुढचं कोणी सांगत नाही.
उद्याची गेलीच म्हणायची.

मंगळ, १०
दिवसभर दाराकडे कान. पोलीस आले नाहीत. चार वाजता मीच चौकीत गेलो. हवालदार तरुण, बोलायला बरा.
"काका, आम्ही सकाळीच जाऊन आलो. राईच्या घराला कुलूप. शेजारी म्हणतात, दहा वर्षांत इथे कोणी नाही. मी काय लिहू, स्वप्नात राहतात?"

पासपोर्टवर राईचा पत्ता. हट्ट माझा. फ्लॅटचं काय, आज आहे उद्या विकू. आपण मूळचे राईचे, मिठागरवाले, कागदावर गाव राहू दे. वै. तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, तिथे कोण उघडणार दार?" मी हसलो होतो. वर गावाची थोरवीही ऐकवली असेन.

हवालदाराला म्हटलं, आम्ही इथे राहतो, इथे या.
"कागदावर जो पत्ता, तिथेच यावं लागतं. उद्या येतो. घर उघडून बसा. दोन शेजारी तयार ठेवा सहीला."

सौ.ला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग, "पाल तरी राहते का तिथे आता?" आणि रडायला लागली. दहा वर्षांत असं रडली नव्हती.

पहिली बस आज सुटली. बातम्यांत दाखवली. एकेक खिडकी बघितली. ती नसणार, माहीत होतं, तरी.

बुध, ११
सकाळपासून राईला. कुलूप गंजलेलं, दगडाने फोडलं. केर काढला. खाडीकडून तोच वास, पण मिठागराच्या जागी टॉवर. एरवी रमलो असतो. आज फक्त रस्ता बघतोय. दोघे शेजारी सहीला तयार, बिचारे.
अकरा. कोणी नाही.
साडेबारा. चौकीत फोन केला. "बंदोबस्त आहे, येतील." कधी? "येतील हो."
उद्याच्या यादीत नावं घ्यायची आजच बंद होणार. वै.चा फोन लागत नाही. कविता म्हणून बघितली. आज पहिलंच कडवं

कडी वाजली.

तीन वाजलेत. पोलीस नव्हते. दारात एक ख्रिस्ती बाई, माझ्याच वयाची, घामाघूम, मुठीत चिठ्ठी. जवळच्या उत्तन गावाहून आलेली. कधी पाहिलेली नाही.
"वैशालीचा बाप तूच काय?"
हो म्हटलं. ती काय बोलणार याची इतकी भीती, की बसा म्हणायचंही सुचलं नाही.
"माझी रोझी तिच्यासंग हाय. कालच्या बसमधी तिचा नंबर होता. चढली न्हाय. वैशालीला एकटी टाकून येनार न्हाय म्हनते." चिठ्ठी पुढे केली. राईचा पत्ता, रोझीने फोनवर सांगितलेला, हिने लिहून घेतलेला. "तुझा कागद न्हाय तर माझी पोर पन न्हाय. आता सांग, कवा होनार कागद?"

झालेलं सगळं सांगितलं, हट्टासकट. ती ओरडेल वाटलं. ओरडली नाही. पाणी प्यायली, स्टूल ओढून उंबऱ्याशी नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.
"पोलिस कुठशी येनार? या अंगाशी का त्या?"
मी हात दाखवला. दोघं तिकडेच बघतोय.