मोहाच्या दिवसातली सभा

पेरमाळा, ता. भामरागड
५ एप्रिल २०२३

चि. धनराज,
जोहार आणि आशीर्वाद. वि. वि. फोन केला त तुहा माणूस जाहिद उचलते अन् आमदारसाहेब मीटिंगमदी हायेत म्हणते. म्हणून कागद लिहून राह्यली. उत्तर तू स्वतः देजो, जाहिदच्या हातचं मले नको.

सोमवारी सकाळी शाळेत ग्रामसभा झाली म्हणे. मोहाच्या दिवसात! सारं गाव कोंबडा आरवायच्या आधी मोहाची फुलं वेचाले जंगलात जाते अन् ऊन चढल्यावर येते, हे तुले नाई माहीत? आम्ही टोपल्या घेऊन आलो त शाळेसमोर तुही गाडी उभी, चहाचे कप पडलेले अन् ठराव झालेला. डोंगर खाणीले दिला. सभेत होतं कोण? सरपंच, त्याचे साडू, अन् लटारूबुवा. त्याले त ऐकूच येत नाई.

अरे, वकील होता तेव्हा पलीकडच्या गावची केस तूच जिंकला न? मोहाच्या दिवसात सकाळची सभा म्हणजे रिकाम्या गावाची सभा, असं नागपूरच्या कोर्टात तूच ठणकावून सांगितलं होतं. त्याच नावावर तू निवडून आला. अंगणवाडीची सुटी टाकून मी, तुही मोठी बहीण, तुह्यासाठी गावोगाव पायी फिरली. आता तेच बोलणं गिळून बसला. लाज काऊन नाई वाटली? त्याच डोंगरातून आपला नाला येते. नाला आटला त आम्ही प्यायचं काय, तुही भाषणं?

माय बरी आहे. लोभ आहेच, पण सध्या तो मांगू नको.
तुही बाई,
बुधरी

मुंबई
१६ एप्रिल

ती. बाईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि. तुझं पत्र मिळालं. विरोधी पक्ष सभागृहात बोलत नाही इतकं तू एका कागदात बोललीस.

फोन टाळत नाही, पण फोनवर बोललो तर चार कान ऐकतात. आता माझं ऐक. बाबांना साप चावला तेव्हा नदीला पूर होता. खाट खांद्यावर घेऊन आपण काठावर उभे होतो, अन् बाबा तिथेच गेले. विसरलीस? पावसाळ्यात आपला भाग अजूनही तसाच तुटतो. पुलासाठी मी किती निवेदनं दिली, किती जणांचे पाय धरले, ते माझं मला माहीत. खाणवाले पूल बांधून देतो म्हणाले. पक्षाने सांगितलं, ठराव करून घ्या. तारीख तहसीलने ठरवली, मी नाही. तुला घरी बसून रागावणं सोपं आहे.

मायला सांग, तब्येत जप. राग उतरला की दोन ओळी लिही, आणि या धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
धनराज

पेरमाळा
२ मे

चि. धनराज,
जोहार आणि आशीर्वाद. वि. वि. राग उतरला नाई, तरी लिहून राह्यली.

बाबाले मधात आणू नको. पूल आम्हाले पायजेच. पण पूल सरकारनं द्यायचा असते, असं प्रचारात तूच सांगे. डोंगर इकून पूल घ्या असं कधी म्हणला होता? तारीख तहसीलनं ठरवली म्हणते. मग गळ्यात हार घालून खुर्चीवर कोण बसलं होतं? तू एक शब्द बोलला असता त सभा तिथीच थांबली असती.

आता ऐक. गावानं आपल्या रीतीनं सभा घेतली. शेवटचं माणूस हो म्हणेपर्यंत कोणी उठलं नाई. कोर्टात जायचं ठरत होतं, अन् सोमारीकाकी अडून बसली. दुसऱ्या दिवसापर्यंत नाईच म्हणे. आपल्याच पोराले कोर्टात कसं ओढू, म्हणून रडली. शेवटी डोळे पुसून हो म्हणाली. चंद्रपूरची शिरीन वकीलबाई, तुह्याच हाताखाली शिकलेली, तिनं केस घेतली. अर्जात पहिलं नाव माहं आहे.

आमदार म्हणून मले कायी सांगू नको. वकील म्हणून सांग, आम्ही जिंकतो का?
आशीर्वाद आहेत, तू ते घेण्याजोगा हो.
बुधरी

गडचिरोली
११ मे

ती. बाई,
जोहार. जिंकता.

शिरीनले सांगजो, पूल अन् नाल्याचं मागून बोल, आधी मोहाचं बोल. त्या सकाळी शाळेच्या वाटेनं येताना मले गावात एक बाई दिसली नाई. मी पाह्यलं अन् तरी खुर्चीवर बसलो. मले साक्षीले बोलवाले सांग. आपणहून आलो त पक्ष तिकीट कापन, अन् तेवढी हिंमत माह्यात नाई. पण समन्स आलं त खोटं बोलणार नाई.

तू रागावशील. रागाव.
धनराज

पेरमाळा
२० मे

चि. धनराज,
जोहार. समन्ससाठी शिरीनबाईनं अर्ज दिला. कोर्ट काढन, तू येशील.

सख्ख्या भावाले खरं बोलाले कोर्टाचा शिपाई पाठवावा लागते, याची मलेच लाज वाटून राह्यली. तिकिटाच्या भेवानं तू कोर्टात आपणहून येत नाई, हे मी मायले सांगितलं नाई. सांगणारबी नाई, कारण तिचं वय झालं अन् ती अजून लोकाइले माहा धनराज, माहा धनराज करते.

साक्ष झाली का घरी जेवाले ये. नाई आला त त्याच्यासाठी समन्स निघत नाई.
तुही बाई,
बुधरी